सोवळ्यातला माणूस

लहानपणी साताऱ्याला आजी सोवळ्यात असली की आम्हां मुलांना स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीच थांबावं लागे. "शिवू नकोस रे!" ही तिची आरोळी अजून कानांत आहे. आम्ही हसायचो. पुढे इंजिनिअर झालो, मिशिगनला येऊन एम.एस. केलं, आणि गंमत बघा, आज पंचेचाळिशीत मीच सोवळ्यात बसलो आहे!

त्याचं असं झालं. २०१५ साली माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आई साताऱ्याहून इथे आली आणि तिने आपली एक किडनी मला दिली. पण शरीराला आईची किडनीसुद्धा परकीच वाटते. त्याने तिच्यावर हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते. त्यासाठी टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेटच्या गोळ्या दर बारा तासांनी, जन्मभर. खोटा भोंगा वाजू नये म्हणून घरातला अलार्मच मंद करून ठेवावा, तसं हे आहे. मग खरी आग लागली तरी तो उशिराच वाजणार!

मार्च २०२० मध्ये करोना आला. खरं सांगू? पहिलं वर्ष मला फारसं जड गेलं नाही. सगळं जगच माझ्यासारखं राहू लागलं होतं. किराणा दाराबाहेर, ऑफिस तळघरात, मंडळाचा गणपती झूमवर!

जड गेलं ते २०२१. एप्रिलमध्ये महाराष्ट्रात दुसरी लाट होती आणि आई साताऱ्याच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर. मी विमानाची तिकिटं बघू लागलो. तिने धाप लागलेल्या आवाजात फोनवर सांगितलं, "येऊ नकोस. मी दिलंय तेवढं सांभाळ." मी गेलो नाही. बारा दिवसांनी ती घरी आली, हे तिचं आणि माझं नशीब. पण ते बारा दिवस मी अजून विसरलेलो नाही.

पुढच्याच महिन्यात जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अवयव-प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांपैकी ४६ टक्के लोकांच्या रक्तात लशीच्या दोन डोसांनंतरही अँटिबॉडी सापडल्या नव्हत्या. मी तपासून घेतलं. मी त्या ४६ टक्क्यांतलाच निघालो! नेमक्या त्याच महिन्यात, १३ मे रोजी, सीडीसीने लस पूर्ण झालेल्यांना मास्कमधून मोकळं केलं. सगळ्यांची दारं उघडली, माझं तेवढं बंद राहिलं. ऑगस्टमध्ये आमच्यासारख्यांना तिसरा डोस मंजूर झाला. डिसेंबरमध्ये एव्हुशेल्डची इंजेक्शनं आली. पण विषाणू इतका बदलला की जानेवारी २०२३ मध्ये तीही बंद झाली.

या काळात औषधांपेक्षा जास्त त्रास झाला तो भिडेचा. "अहो, आता कुठला करोना! या की जेवायला, काही होत नाही." माणसं प्रेमानेच बोलवत. नाही म्हटलं की त्यांचे चेहरे उतरत आणि मला अपराधी वाटे. आपल्याकडे आमंत्रण नाकारणं म्हणजे माणसालाच नाकारणं!

एका मित्राने मात्र २०२१च्या दिवाळीत गराजचं दार सताड उघडं ठेवून फराळ मांडला. कोट-टोप्या घालून, कुडकुडत आम्ही चकल्या खाल्ल्या. पुढल्या वर्षी त्याचाच सकाळी फोन आला, "धाकट्याला सर्दी झालीय, आज तू येऊ नकोस. डबा पायरीवर ठेवून जातो." मंडळी, त्या 'येऊ नकोस'इतकं प्रेमाचं आमंत्रण मला कोणी दिलेलं नाही.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. माझ्या गोळ्या चालूच आहेत, आणि गर्दीत मास्कही. आजीच्या सोवळ्यात समोरचा माणूस अशुद्ध ठरायचा, ते मला तेव्हाही पटत नव्हतं. माझ्या सोवळ्यात तुमचं काहीच चुकत नाही, उणं आहे ते माझ्यात. म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात मास्क लावलेला, खिडकीजवळ बसलेला कोणी दिसला तर "अजून?" असं विचारू नका. नाक वाहत असेल तर तेवढं लांबूनच हात हलवा. मी मास्कच्या आतून हसतच असेन.