सहाध्यायी

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि आमची दहा वर्षांची मुलगी शाळेत जात नाही. या दोन गोष्टींमधला विरोध सहकाऱ्यांना खटकतो. आम्हांलाही तो जाणवतो. ज्या वर्गव्यवस्थेवर आपला चरितार्थ चालतो, तिच्यापासून स्वतःच्या मुलीला दूर ठेवण्याचे समर्थन कसे करावे? एप्रिल-मे महिन्यांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण तेव्हा आम्हांला सवड असते आणि शिकणे-शिकवणे घरभर पसरते.

यंदाच्या उन्हाळ्यासाठी आम्ही अभ्यासक्रम आखला नव्हता. केवळ एक विषय ठरवला होता : लिपी. आरंभ शाईपासून झाला. तेलाच्या दिव्यावर उपडे भांडे धरून काजळी जमवली आणि डिंकाच्या पाण्यात खलली. पहिली शाई कागदावर फुटली, दुसरी बोरूलाच चिकटून बसली. अक्षराची रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक का होते, हे मुलीला बोरूचे टोक तिरके कापताना उमगले. मग मोडी आली. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जायचे. ती म्हणाली, "बाळबोध अक्षरं रांगेत उभी असतात, ही हात धरून पळतात." मोडीविषयी इतके नेमके विधान आमच्या पदव्युत्तर वर्गात क्वचितच ऐकू येते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते पाहताना तिला अधिक नवल वाटले ते संग्राहकाचे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या माणसाने अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ हा संसार जमवला, हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही.

मेअखेरीस नाणेघाट. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या वाटेवरच्या लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. राणी नागनिकेशी जोडल्या जाणाऱ्या या प्राकृत लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. अधिकाच्या चिन्हासारखा 'क' तिने भिंतीवर शोधून काढला. पण तिला खरे अडवले ते आकड्यांनी. दक्षिणेतल्या गायींची संख्या 1700 अशी आपण लिहितो. लेखात मात्र शून्य नाही, शंभराला आणि हजाराला स्वतंत्र चिन्हे आहेत. एरवी स्थानिक किंमत म्हटले की तोंड फिरवणारी ही मुलगी घरी येऊन दोन दिवस खडे मांडून शून्याविना हिशेब करीत बसली.

तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "हे मी कोणाला सांगू?"

आम्ही समोरच होतो. पण प्रश्न आम्हांला उद्देशून नव्हता. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि सकाळचे आवार ओस पडले होते. पालक शिक्षक होऊ शकतात, सहाध्यायी होऊ शकत नाहीत. कवितेच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्याने लावलेला चुकीचा अर्थ साऱ्या वर्गाला जागे करतो, हा आमचा रोजचा अनुभव. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिक्षण मुलांच्या अंगणात नेले, याचा दाखला आम्ही टीकाकारांना नेहमी देत आलो आहोत. त्या अंगणात पुष्कळ मुले होती, हा त्या दाखल्याचा अर्धा भाग आता आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

शिवाय असा उन्हाळा दोन नियमित वेतनांवर आणि एकत्र येणाऱ्या सुट्ट्यांवर उभा असतो. त्याला सर्वांसाठीचा पर्याय म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सध्या शनिवारी दुपारी इमारतीतली पाच मुले आमच्याकडे येतात. शाई सांडते, फरशी काळी होते, मोडीत एकमेकांना चिडवणाऱ्या चिठ्ठ्या लिहिल्या जातात. त्यांतल्या काही आम्हांला अजून लागत नाहीत. शाळेत जायचे की नाही, हे दिवाळीनंतर मुलगी ठरवणार आहे. ती 'हो' म्हणाली, तर तिला शाळेत पोहोचवायला आम्ही दोघेही जाऊ.