उरतील तेवढेच

आज पिकाचं नाही, पैशाचं.

२०२१ च्या दिवाळीत पोरानं सोयाबीनच्या पट्टीतले २० हजार एकदम बिटकॉइनमध्ये टाकले. पुढच्या नोव्हेंबरात गव्हाच्या बियाण्याला पैसा लागला, तेव्हा त्याचे ६ हजारही होईनात. तरी विकले. बाकीचं बी उधारीवर आणलं. वर हा तोटा करात कुठंच वजा होत नाही. नफा झाला असता तर मात्र ३० टक्के कर सरळ.

पोराला बोललो नाही. हिशोब मीही केला नव्हता. पट्टी आली म्हणजे पैसा उरला, असं नसतं.

आता पट्टी आली की आधी वही. पीककर्ज, खताची उधारी, पुढच्या पेरणीचं बी, मजुरी, किराणा, दवाखाना. एक पीक गेलं तर दुसरं पेरायला लागतील तेवढे वेगळे. यंदा उरले ६ हजार. म्हणजे महिन्याला ५००, ते पोराचे. भाव पडो की चढो, हप्ता तेवढाच. सगळे बुडाले तरी तिफण थांबणार नाही.

तुमच्या वहीत किती उरतात? एकदा मांडून बघा.