मासा आजारी पडला तर आधी पाणी तपासा

माझ्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये एक फिश टँक आहे. त्या टँकने मला एक जादाची प्रॅक्टिस मिळवून दिली आहे. स्वतःचं तपासून झालं, चिठ्ठी हातात पडली, की दाराशी थांबून पेशंट विचारतात, "डॉक्टर, अजून एक विचारू? आमचा गोल्डफिश दोन दिवस तळाशी बसून आहे. त्याला कुठली कॅप्सूल देऊ?"

मी माणसांचा डॉक्टर. माशांचे आजार मला कॉलेजात कुणी शिकवले नाहीत. पण टँक सांभाळता सांभाळता आणि वाचता वाचता एक गोष्ट कळली, की माणूस तपासण्याची जी शिस्त आहे तीच माशालाही लागू पडते. आधी विचारपूस, मग तपासणी, मग चाचणी, आणि सर्वांत शेवटी औषध. घरोघरी नेमकं उलटं होतं. औषध आधी आणि विचारपूस मासा मेल्यावर. हा क्रम का बदलायला हवा, ते आज सांगतो.

सहा मासे, दहा दिवस

एका ताई आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलाच्या वाढदिवसाला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक आणला होता. त्यात सहा गोल्डफिश सोडले. दहाव्या दिवशी चार मेले. उरलेले दोन पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. दुकानदाराने टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायला सांगितली होती. ती मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिली नाही, म्हणून ताई माझ्याकडे आल्या. मुलगा गप्प होता. निघताना त्याने हळूच विचारलं, "माझ्यामुळे मेले का?" तो दिवसातून तीनदा मूठभर खाऊ घालत असे.

मी कॅप्सूल लिहून दिली नाही. टँकमधलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणायला सांगितलं. संध्याकाळी तो मुलगा बाटली घेऊन आला आणि आम्ही दोघांनी मिळून अमोनियाची चाचणी केली. ही चाचणी सोपी आहे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब मोजून टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डावर जुळवायचा. माझ्या किटमध्ये पिवळा म्हणजे शून्य आणि गडद हिरवा म्हणजे धोका. आमचा रंग गडद हिरवा आला, लिटरला सुमारे 4 मिलिग्रॅम. तिथे असायला हवं होतं शून्य.

पाणी आजारी पडतं म्हणजे काय?

आपल्या शरीरातही अमोनिया तयार होतो. आपलं लिव्हर त्याचा युरिया करतं आणि किडनी तो बाहेर टाकते. लिव्हर निकामी झालेल्या पेशंटच्या रक्तात अमोनिया साठतो आणि तो बरळायला लागतो, कधी बेशुद्धही होतो. माशाला एवढा खटाटोप करावा लागत नाही. तो अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. नदीत तो वाहून जातो. टँकमध्ये जाणार कुठे? मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याचं मलमूत्र असतं.

जुन्या, बसलेल्या टँकमध्ये हे काम जिवाणू करतात. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर त्यांची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच कमी विषारी असतं आणि थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. पण ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये पहिल्याच दिवशी सहा मासे सोडले तर त्यांची घाण साफ करायला तिथे कुणीच नसतं.

मधल्या टप्प्यातलं नायट्राइटही घातक. ते माशाच्या रक्तात शिरून हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं आणि त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. कल्ले तपकिरी दिसू लागतात. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी मासा गुदमरतो. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त असलं तर वरचं दूध त्या पाण्यात कालवून पिणारी तान्ही बाळं निळी पडतात, ते याच कारणाने.

मुलाला मी खरं तेच सांगितलं. खाऊ जास्त झाला होता, हे खरं. पण टँक नवा होता, मासे जास्त होते आणि ही जिवाणूंची गोष्ट त्यांच्या घरात कुणाला कुणी सांगितलीच नव्हती.

उपाय साधा होता. त्याच दिवशी निम्मं पाणी बदलायचं, पुढे रोज पाव भाग. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टँकइतक्याच तापमानाचं. दोन दिवस खाऊ बंद. एअर पंप चालू. लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एक मासा त्या रात्री गेला. एक वाचला. मुलाने एका वहीत रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली. पाच आठवड्यांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींपुढे शून्य लिहिलं, तेव्हा तो वही दाखवायला आला होता.

माशाची विचारपूस आणि तपासणी

मासा बोलत नाही, म्हणून प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचे. टँक किती दिवसांचा? पाणी किती लिटर, मासे किती? शेवटचं पाणी कधी आणि किती बदललं? नवा मासा कधी आणला? फिल्टर नळाखाली धुतला का? रात्री बंद ठेवता का? लोडशेडिंगमध्ये किती तास बंद होता? आजारी एकच आहे की सगळे? सगळे एकदम आजारी पडले तर बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. एकामागून एक पडले तर संसर्गाचा विचार करा.

मग पाच मिनिटं शांतपणे टँकसमोर बसा आणि बघा.

- पृष्ठभागावर येऊन धापा टाकणं: ऑक्सिजन कमी, अमोनिया किंवा नायट्राइट जास्त, किंवा कल्ल्यांचा आजार.
- अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, खड्यांवर अंग घासणं: व्हाइट स्पॉट हा परजीवीचा आजार.
- पर कडेने कुरतडल्यासारखे, झिजलेले: फिन रॉट. जिवाणूंचा संसर्ग, पण त्यामागे बहुधा खराब पाणी.
- जखमेवर कापसासारखा पुंजका: बुरशी. हाच पुंजका तोंडाभोवती असेल आणि आजार झपाट्याने वाढत असेल तर तो कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा आजार असू शकतो.
- पोट फुगून खवले उभे राहणं: ड्रॉप्सी.
- गोल्डफिश उलटा किंवा तिरका तरंगणं: बरेचदा जास्त खाणं. दोन दिवस उपास, मग सालं काढलेला उकडलेला मटार.

ड्रॉप्सी हे आजाराचं नाव नव्हे, लक्षण आहे. एके काळी माणसांच्या सुजेलाही ड्रॉप्सीच म्हणत. 1785 मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने डिजिटॅलिस वनस्पतीवर पुस्तक लिहिलं. त्या औषधाने काहींची सूज उतरायची, काहींची नाही. आज आपल्याला कारण माहीत आहे. हृदयामुळे आलेली सूज वेगळी, किडनीमुळे आलेली वेगळी. माशाचंही तसंच. खवले उभे राहिले म्हणजे शरीराचं पाण्यावरचं नियंत्रण सुटलं. कारण मात्र अनेक असू शकतात, आणि त्या टप्प्यावर मासा वाचणं कठीण असतं.

चुकीचं निदान का महागात पडतं?

व्हाइट स्पॉटचं उदाहरण घ्या. दिसणारा ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसलेला परजीवी. तिथे औषध पोचत नाही. तो पिकून खाली पडतो, तळाशी त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवर. पाणी गरम असलं की हे चक्र लवकर फिरतं, म्हणून उष्ण पाण्यात राहणाऱ्या माशांच्या टँकचं तापमान हळूहळू 28 ते 30 अंशांपर्यंत नेतात, औषध किंवा मीठ घालतात आणि तळ रोज साफ करतात. ठिपके गेले म्हणून चौथ्या दिवशी औषध थांबवलं तर आजार परत येतो. दोन आठवडे पूर्ण करावे लागतात. टीबीच्या गोळ्या बरं वाटताच सोडणाऱ्यांना मी जे सांगतो, तेच इथे.

आता तोच उपाय कॉलम्नॅरिसला केला तर? तो उष्ण पाण्यात आणखी जोरात वाढतो. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात. म्हणजे एका आजारात तारणारा हीटर दुसऱ्या आजारात मारतो.

दुकानातलं निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. हे माणसांचंही जुनं औषध. मेथहिमोग्लोबिन वाढलेल्या पेशंटला आजही आम्ही ते शिरेतून देतो. माशाच्या बुरशीवर ते चालतं. पण मुख्य टँकमध्ये ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतं आणि मग अमोनिया वाढतो. म्हणून आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवा. दहा-पंधरा लिटरची प्लास्टिकची टाकी, एअर पंप आणि झाकण एवढं पुरतं.

कॅप्सूलबद्दल स्पष्ट सांगतो. माणसांची अँटिबायोटिक्स अंदाजाने पाण्यात टाकू नका. डोस कळत नाही, बहुतेक वेळा आजार जिवाणूंचा नसतोच, आणि ते पाणी शेवटी गटारात जाऊन औषधाला न जुमानणारे जंतू तयार करायला हातभार लावतं. पट्टीवरची लाल रेघ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका असं सांगते, ती टँकलाही लागू आहे. खरंच गरज वाटली तर माशांचे आजार जाणणाऱ्या पशुवैद्याला किंवा मत्स्यतज्ज्ञाला विचारा. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात आणि मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत माशांचं आरोग्य हा रीतसर अभ्यासाचा विषय आहे.

माशाचा आजार माणसाला होतो का?

बहुतेक होत नाहीत. एक मात्र होतो, आणि त्यासाठीच हा लेख इथे लिहितो आहे.

पन्नाशीचे एक गृहस्थ उजव्या हाताच्या बोटावरची गाठ दाखवायला आले. तीन महिने झाले होते, दोन वेळा अँटिबायोटिक घेऊन झालं होतं. गाठ दुखत नव्हती, पण बरी होत नव्हती, आणि मनगटाच्या वर ओळीने आणखी दोन गाठी आल्या होत्या. त्यांना कॅन्सरची धास्ती होती. रात्री झोप नव्हती. मी विचारलं, "हाताने काय काय काम करता?" बँकेची नोकरी, बाकी काही नाही. "घरी बाग? मासे?" ते म्हणाले, "मासे आहेत ना. मीच टँक धुतो." मग आठवून सांगितलं, की गेल्या काही महिन्यांत मासे एकेक करून वाळत गेले, एकाचा कणा वाकला, आणि साधारण त्याच सुमाराला खड्याने बोट खरचटलं होतं.

मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा टीबीच्या जंतूचा भाऊबंद. 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो प्रथम ओळखला गेला. त्याला 30 अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, 37 अंशांना तो नीट वाढत नाही. म्हणून तो बहुधा हातापायाच्या थंड कातडीतच राहतो. आणि म्हणूनच लॅबला आधी सांगितलं नाही, तर नेहमीच्या 37 अंशांवर ठेवलेल्या कल्चरमध्ये तो सापडत नाही. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवताना मी चिठ्ठीत टँकचा उल्लेख ठळक केला. तुकडा काढला, कमी तापमानावर कल्चर लावलं, जंतू सापडला. दोन औषधं चार महिने घेतल्यावर गाठी गेल्या. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, हे कळल्यावर त्यांच्या घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

टँक फेकून द्यायची गरज नाही. एवढं पाळा:

- हातावर जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका, किंवा कोपरापर्यंतचे हातमोजे घाला. नंतर साबणाने हात धुवा.
- पाणी काढायची नळी तोंडाने ओढू नका. टँकचं सामान स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुऊ नका.
- स्टिरॉइड, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर टँकची साफसफाई दुसऱ्याकडे सोपवा.
- हातावरची गाठ किंवा जखम तीन-चार आठवड्यांत बरी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि घरी मासे आहेत हे आपणहून सांगा.
- मासे एकामागून एक वाळत असतील, कणे वाकत असतील तर नवे मासे आणू नका. त्यावर घरगुती औषध नाही.
- एरवीही नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळा ठेवून मगच टँकमध्ये सोडा.
- फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा. क्लोरीनच्या पाण्यात धुतला तर जिवाणूंची वस्ती मरते.

आणि मासा आजारी दिसला की औषधाच्या दुकानात जाण्याआधी पाण्याची चाचणी करा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य नसतील तर पाणी बदला. ते शून्य असतील, तर मग आजार शोधायला लागा.