मिशिगनची नारळी पुनव

आमच्या मिशिगनमध्ये बास मासा २०१५ पासून बारा महिने पकडता येतो; अट एकच, लगेच सोडायचा. घरी न्यायचा तर बहुतेक तळ्यांवर मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारपर्यंत थांबायचं.

बर्फ वितळल्यावर पाणी गार, मासा सुस्त. तेव्हा सात फुटी रॉड, आठ पौंडी दोरी आणि पाण्यात अधांतरी थांबणारा जर्कबेट. हलका झटका द्यायचा आणि वाट बघायची. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं की नर तळाशी घरटं करून अंड्यांची राखण करतो.

एका मे महिन्यात मालवणहून अण्णा आले होते. मी मासा सोडला तसे चिडले, "धरलेलो मासो परत सोडूचो? ह्यो खंयचो खेळ?" घरट्याचं सांगितल्यावर मात्र क्षणभर गप्प राहून म्हणाले, "म्हणजे हंय पण नारळी पुनव आसा तर!"

तोवर आजोबांशी 'हाय-बाय'पलीकडे न बोलणाऱ्या माझ्या मुलाने विचारलं, "पुनव म्हणजे काय?" मग पावसाळा, माशांची वीण, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, समुद्राला नारळ... दोघं संध्याकाळपर्यंत बोलत होते.

अण्णा आता नाहीत. मुलगा दर वसंतात रीलला तेल घालताना विचारतो, "बाबा, पुनव कधी?"