मशीन बंद पडलं की केलं?

भोसरीत संध्याकाळी साडेसातला माझा इंग्रजीचा वर्ग भरतो. पहिल्या शिफ्टची मुलं आंघोळ करून येतात, जनरल शिफ्टची थेट कंपनीच्या बसमधून उतरून. चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेली आठपर्यंत येतच राहतात. बहुतेक आयटीआय झालेली, सीएनसी नाहीतर व्हीएमसी मशीन चालवणारी. यांतले बरेच जण पहिलीपासून इंग्रजी शिकलेत. 2000 साली पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय घेणारे शिक्षणमंत्री, प्रा. रामकृष्ण मोरे, आपल्याच भागातले. त्यामुळे अक्षरओळख, स्पेलिंग, शब्द यांची अडचण फारशी नसते. अडतं ते वाक्यात.

मागच्या पावसाळ्यात राजगुरुनगरकडचा एक मुलगा ब्रेकडाउन रिपोर्टचा फोटो घेऊन आला. त्यात त्यानं लिहिलं होतं, 'मशीन वॉज स्टॉप्ड ॲट 2:40.' वरच्या साहेबांनी विचारलं, कुणी बंद केलं? अर्धा तास त्याची चौकशी झाली.

"मॅडम, मी हातसुद्धा लावला नव्हता. ते आपोआप बंद पडलं."

"मग तेच लिही ना."

"तेच लिहिलंय!"

आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर खरंच त्यानं तेच लिहिलं होतं. मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली : मशीन बंद पडलं, बंद झालं, बंद केलं. पहिल्या दोन्हींत कुणाचा हात नाही, तिसऱ्यात आहे. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तुटलं-तोडलं, फुटलं-फोडलं, सुटलं-सोडलं अशा जोड्या मराठी मूल बोलायला लागल्यापासून वापरतं. इंग्रजी मात्र दोन्हीकडे बहुधा एकच क्रियापद चालवते. 'द मशीन स्टॉप्ड' एवढंच पुरेसं होतं. या मुलाला ते अर्धवट वाटलं, 'झालं'साठी काहीतरी हवंच म्हणून त्यानं 'वॉज' घातलं, आणि त्या एका शब्दानं वाक्यात कुणाचा तरी हात आणला. वाचणाऱ्याला तो त्याचाच वाटला.

अशी चूक मी वर्षानुवर्षं लाल पेनानं खोडत आले होते. आता आधी विचारते, हे मराठीत कसं म्हणशील?

ही सवय मला लागली एका येमेनी विद्यार्थ्यामुळे. पुण्यात शिकायला येमेन, इराक, सुदानहून मुलं येतात; त्यांतला एक पिंपरीत राहायचा आणि काही महिने माझ्या वर्गात होता. तो 'माय ब्रदर टीचर' असं लिहायचा, कारण अरबीत वर्तमानकाळी अशा वाक्याला 'आहे' लागतच नाही. उलट 'द लाइफ इज हार्ड' मध्ये नको असलेला 'द' हमखास यायचा. अरबीत आयुष्य, संयम अशा सर्वसाधारण नामांनाही 'अल' लागतो. त्याच बाकावर बसलेला आमचा जुन्नरचा मुलगा जिथं हवा तिथलाही 'द' गाळायचा, कारण मराठीत तसलं काही नाहीच. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोघंही बेफिकीर नव्हते. दोघं आपापल्या व्याकरणाशी प्रामाणिक होते.

दादोबा पांडुरंगांनी 1836 सालीच मराठीचं व्याकरण लिहिलं, तरी या आपल्या व्याकरणाकडे आपण लक्ष देत नाही. कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग आपण शाळेत पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. 'त्यानं बटण दाबलं' यात क्रियापद माणसामागे न जाता बटणामागे जातं, हे ज्याला दिसलं त्याला इंग्रजी वाक्यात कर्त्याचा मान एवढा का, हे लवकर कळतं. माझं ठाम मत आहे, इंग्रजीच्या पहिल्या तासाला मराठीचं व्याकरण असावं.

राजगुरुनगरकडच्या त्या मुलानं रिपोर्ट पुन्हा लिहिला : 'द मशीन स्टॉप्ड ॲट 2:40. आय कॉल्ड मेंटेनन्स ॲट 2:45.' पुढच्या आठवड्यात तो एका जुन्या जॉबकार्डाच्या पाठीवर शॉपमधली क्रियापदं लिहून घेऊन आला. इन्सर्ट तुटला. कूलंट सांडलं. जॉब वाकला. बोल्ट सैल झाला. एकेक करत आम्ही अकरा सोडवली. बारावं होतं 'माप चुकलं'.

"मॅडम, इथं कोण येणार? मी, की माप?"

साडेनऊ वाजून गेले तरी वर्गातलं कुणी उठलं नाही.