राखेतलं बी

फाल्गुनात खळं उरकलं की आज्जी चुलीतली राख निवडायला बसायची. गोवऱ्यांची पांढरी राख वेगळी काढायची आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. ती इतकी मऊ व्हायची, की मुठीत धरली तरी पाण्यासारखी ओघळून जायची. मग तुरीचं, मुगाचं, अंबाडीचं, मालदांडी ज्वारीचं बी उन्हात कडकडीत वाळवून त्या राखेत कालवायचं, गाडग्यांत भरायचं आणि गाडग्यांची तोंडं शेणमातीनं लिंपून टाकायची. ही गाडगी उतरंडीत सगळ्यात खाली. वरची एकेक उतरवल्याशिवाय त्यांना कुणाचा हात लागायचा नाही.

“राखंतच का ठेवायचं?” मी विचारायचो.

“राखायचं म्हणून राख,” ती म्हणायची.

वस्त्रगाळ राख दाण्यावरची ओल टिपून घेते, दोन दाण्यांमधली जागा भरून टाकते, किड्याला हलायला वाव ठेवत नाही, हे मला फार पुढे कळलं. पण आज्जीनं सांगितलं त्यात सगळं आलं होतं. आपल्या भाषेत ‘रक्षा’ म्हणजे सांभाळ आणि ‘रक्षा’ म्हणजे राखही.

लोहारा तालुक्यात सास्तूरच्या वाटेवर आमचं गाव. जमीन काळी, पाऊस बेभरवशाचा. या मातीतल्या माणसानं मूठभर आज खायचं आणि मूठभर उद्यासाठी बाजूला काढायचं, हे अंगवळणी पाडून घेतलं होतं. घराच्या दोन भिंतींमध्ये ज्वारीचं बळद. कोपऱ्यात शेणानं सारवलेली कणगी, तिच्यात धान्याच्या थराथरांमध्ये कडुनिंबाचा पाला. चुलीच्या वर, धुराच्या वाटेत, आढ्याला टांगलेले वाळके दोडके आणि ज्वारीची निवडक कणसं. थंडीत खुडलेली हरभऱ्याची कोवळी भाजी सावलीत वाळवून मडक्यात भरलेली. चैत्र लागला की माळवदावर सांडगे, कुरडया, पापड्या. गवारीच्या शेंगा वाळून काडीसारख्या व्हायच्या आणि आषाढात शिजताना पुन्हा फुलायच्या. रानात काही नसेल तेव्हा आमच्या ताटात मागच्या हंगामाचं ऊन वाढलेलं असायचं.

१९७२च्या दुष्काळाची गोष्ट आज्जी एकाच सुरात सांगायची. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, संध्याकाळी पदरात मिळालेली सुकडी घेऊन घरी यायचं. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी दळली तर तिची भाकरी थापता थापता चिरायची. कणगीचा तळ लागला. एका रात्री आजोबा उतरंडीपाशी जाऊन उभे राहिले. घरात लेकरं उपाशी होती. आज्जी उठली आणि उतरंडीला पाठ लावून बसली.

“त्याला हात लावू नका. त्ये आपलं नव्हं, पुढल्या पावसाचं हाय.”

ती रात्र तिनं तशीच बसून काढली. पोटची लेकरं समोर कुसमुसत असताना बी राखायला बाईचं काळीज कशाचं लागत असेल, हे मला अजून उमगलेलं नाही. पण १९७३चा पाऊस आला आणि आमच्या रानात घरचं बी पडलं.

दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव निजलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावर माळवदाचं ओझं. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या ऊन अडवलं, त्याच घरांखाली माणसं गाडली गेली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं मिळून सुमारे ८ हजार जीव गेले. आमचं अर्धं घर उभं राहिलं, माणसं वाचली. बळदाची भिंत मात्र फुटली आणि वर्षाची ज्वारी ढिगाऱ्यात मिसळली.

चौथ्या दिवशी आज्जी सूप घेऊन त्या ढिगाऱ्यावर बसली. मदतीच्या ट्रकमधून गहू-तांदूळ येत होता, तरी ती बसली. पांढऱ्या मातीतून एकेक दाणा वेचू लागली. आम्ही पोरंही तिच्याभोवती बसलो. कुणी बोलत नव्हतं. फक्त सुपाचा आवाज. दुपारी उतरंडीची जागा सापडली. गाडग्यांच्या खापऱ्या झाल्या होत्या, पण त्यांच्याखाली पांढऱ्या राखेचा एक ढीग तसाच होता. आज्जीनं त्यात हात घातला आणि मूठ उघडली. दाणे टपोरे, कोरडे, जिवंत. चार दिवसांत तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ते दिवस रब्बीच्या पेरणीचेच होते. ज्वारीला एकरी ४ किलो बी पुरतं. वडिलांनी शेजाऱ्याची तिफण मागून आणली आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहून आम्ही पेरलं. त्या साली येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, ज्वारी कमरेला लागली होती. कडब्याची कोप उभारली, पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवले. ज्यांच्या घरात चूल पेटवायला कुणी उरलं नव्हतं, त्यांना आज्जीनं हाताला धरून रानात आणलं आणि भज्जी-आंबील वाढली. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे. शिवारात जे पिकतं ते सगळं थोडं थोडं. जेवणारे रडत होते आणि जेवत होते.

पुढे नवी घरं मिळाली. सिमेंटची, भक्कम. त्यांत बळद नव्हतं. हळूहळू रानातही फरक पडला. बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन आलं. ते विकून ज्वारी, तूर, तेल विकत आणायचं आणि दर मृगाला बियाची पिशवीही विकतच. भाव पडला की एकदम सगळंच पडायचं. मी त्या शेतकऱ्यांना दोष देत नाही; माझे वडील त्यांच्यातलेच. लेकरांच्या शिक्षणाला रोख पैसा लागत होता.

पण उतरंडीची आठवण बायकांनी ठेवली. भूकंपानंतरच्या घरबांधणीत गावोगावच्या बायकांना उभं करणाऱ्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं पुढे शेतीत हात घातला. घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या हाती द्यायचा. त्यात ती आधी खाण्याचं पिकवील: धान्य, डाळी, भाजीपाला, सगळं मिसळून, कमी पाण्यावर, घरच्या खतावर. लागोपाठच्या दुष्काळांत या एका एकरानं कितीतरी घरांची चूल विझू दिली नाही. २०१६ साली, त्याच वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं या कामाला ‘इक्वेटर पुरस्कार’ दिला. ही बातमी वाचली तेव्हा मला उतरंडीला पाठ लावून बसलेली आज्जी दिसली.

माझ्या बायकोनंही एक एकर मागून घेतला. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद पडले आणि पुण्याहून भाऊ बायको-लेकरांना घेऊन घरी परतला. ज्वारीची रास नुकतीच घरी आली होती. ताटात भाकरी होती, वाळवलेल्या हरभऱ्याच्या भाजीचं गरगट होतं, जवसाची चटणी होती. भाऊ पहिल्या रात्री बराच वेळ भाकरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आज्जीच्या हातचं वाटतंय.”

आता घरात गॅस आहे. राख मिळेना, म्हणून अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल आम्ही मुद्दाम ठेवली आहे. यंदाच्या फाल्गुनात लेकीला फडक्याचं टोक धरायला लावलं आणि राख गाळली. गाडगं भरून झाल्यावर तोंड लिंपायच्या आधी तिनं कोपरापर्यंत हात आत घातला. आत ती बोटं चाळवतेय, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “राख गार आहे, पण आत कुणीतरी आहे.”

मी शेणमातीचा गोळा तिच्या हातात दिला.