उलटी न वाहणारी वाट

गर्दीच्या बसमध्ये एक वयस्क गृहस्थ वरचा दांडा धरून उभे होते. हाताची कातडी कागदासारखी पातळ, तरी शीर म्हणून एक दिसत नव्हती. पुढच्या थांब्यावर जागा झाली, ते बसले, हात मांडीवर आला आणि बघता बघता मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत निळसर शिरा टरारून वर आल्या. हात हृदयाच्या वर गेला की तिथल्या शिरा रिकाम्या होऊन मिटतात, खाली आला की भरतात. इतकं साधं, पण नजर हलेना.

धमन्यांचं कौतुक फार होतं. नाडी बघायची ती धमनीची, रक्तदाब मोजायचा तोही तिचाच. मला शिरा जास्त आवडतात. धमनीची भिंत जाड आणि लवचीक, प्रत्येक ठोका झेलणारी. शिरेची पातळ, सैल, म्हणूनच पोटात खूप काही घेणारी: आपण स्वस्थ असताना शरीरातल्या पाचएक लिटर रक्तापैकी निम्म्याहून जास्त शिरांमध्येच असतं. तिच्या वाट्याला ठोक्याचा जोर फारसा येत नाही. धमनी आणि शीर यांच्या मधल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद की तांबड्या पेशींना अंग चोरून एकामागे एक जावं लागतं. तिथून बाहेर पडेपर्यंत जोर ओसरलेला असतो. आणि तरी रक्ताला घोट्यापासून छातीपर्यंत चढायचं असतं.

ते कसं चढतं, याचा धागा इटलीतल्या पादुआ विद्यापीठात सापडला. तिथे फाब्रिशियस नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. शिरांच्या आत इवल्या झडपा असतात हे त्यांनी विद्यार्थ्यांना उघडून दाखवलं, १६०३ साली त्यावर पुस्तकही छापलं. पण रक्त हातापायांत एकदम उतरून साचू नये म्हणून या झडपा त्याला अडवतात, असा अर्थ त्यांनी लावला. रक्त यकृतात तयार होतं आणि शिरांमधून बाहेर वाहत जातं, हे प्राचीन ग्रीक वैद्य गेलनचं मत तेव्हा प्रमाण होतं. डोळ्यांनी नीट पाहिलं, पण मन जुन्या मताशी बांधलेलं राहिलं. विल्यम हार्वे हा इंग्रज त्यांचाच विद्यार्थी. मायदेशी परतल्यावर त्याने केलेला प्रयोग मला विज्ञानातला सर्वांत देखणा वाटतो, कारण त्याला एका दंडापलीकडे काही लागत नाही. दंडाला पट्टा बांधायचा. हाताच्या शिरा फुगतात आणि त्यांवर मधेमधे गाठी उमटतात. त्या झडपांच्या जागा. एका गाठीच्या खाली, मनगटाच्या बाजूला, शिरेवर बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने तिथलं रक्त वर, गाठीच्या पलीकडे सारायचं. मधला तुकडा रिकामा होतो आणि रिकामाच राहतो. वरून कितीही दाबा, रक्त खाली उतरत नाही. खालचं बोट उचललं की तुकडा क्षणात भरतो, खालून. म्हणजे शिरेत रक्त एकाच दिशेने जातं: हृदयाकडे. १६२८ साली त्याने हे चित्रांसह छापलं. त्याला एक दुवा कधीच दिसला नाही, धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून? बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने पाहिल्या त्या १६६१ साली. हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती.

फाब्रिशियस शिकवत ते पादुआचं शवविच्छेदनगृह अजून उभं आहे. लंबवर्तुळाकार, लाकडी, एकावर एक सहा कठडे. बसायला जागा नाही. विद्यार्थी कठड्याला रेलून उभ्यानेच बघत.

उभं राहणं शिरांना जड जातं. झडप रक्ताला मागे येऊ देत नाही, पण वर ढकलणं तिच्या हातात नाही. ते काम पोटरीचं. चालताना पोटरी आवळते, आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं. एका जागी निश्चल उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागलं की तोच ३०च्या आसपास येतो. वर्षानुवर्षं तो भार पडला की शिरा रुंदावतात, झडपांचे पडदे एकमेकांना भिडेनासे होतात, आणि पोटरीवर त्या वेड्यावाकड्या, गाठाळ दोऱ्या दिसू लागतात.

हीच पायाची शीर पुढे हृदयालाही उपयोगी पडते. १९६७ साली रेने फाव्हालोरो या अर्जेंटिनी सर्जनने क्लीव्हलंडमध्ये ती काढून हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला बगल देणारी वाट म्हणून जोडली. ती उलटी करून बसवावी लागते, नाहीतर झडपाच रक्त अडवतील.

पण मला पोटऱ्यांबद्दलच बोलायचं आहे. साडीच्या दुकानात गादीवर आपण ऐसपैस बसतो आणि काउंटरवरची मुलगी सकाळपासून उभी असते. कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि २०१८ साली केरळने कामावर बसण्याचा हक्क कायद्यात आणला. तमिळनाडूने २०२१ साली. पुढच्या खरेदीला जाल तेव्हा काउंटरमागे स्टूल आहे का बघा. नसेल तर मालकाला विचारा, आणि ती मुलगी ऐकेल इतक्या मोठ्याने विचारा.